काकूंच्या हातची विजार

आमच्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बुडाला पहिल्या थंडीत लोकरीची विजार चढायची, आणि ती 'काकूंच्या हातची' असायची. असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्यानं काकू म्हणत. माझ्या थोरल्या काकांच्या ह्या बायकोनं उभ्या आयुष्यात एक तरी विजार कंबरेपासून घोट्यापर्यंत विणली असेल, तर मी माझं नाव बदलीन.

विजारी विणायची आत्या. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहिली. स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत तिची खाट, खाटेखाली लोकरीची पेटी, आणि खोलीला दाराऐवजी पडदा. सकाळी सगळ्यांचे डबे, दुपारी सगळ्यांचे कपडे, मधे चिमूटभर वेळ उरेल त्यात विणकाम. काकूंना आम्ही मुलं अहो-जाहो करायचो आणि आत्याला अगं-तुगं. त्या घरात कुणाची काय किंमत होती, ते एवढ्यावरून समजावं.

काकूंचं काम वेगळं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. जिन्यात पावलं वाजली की त्या आत्याच्या पेटीतली अर्धवट विजार मागवून घेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि सुया हलवायला लागत. पाहुणे चहा पिऊन उठेपर्यंत दोन ओळी व्हायच्या. त्या दोन ओळींत तीन टाके सुटलेले आणि एक कुठून तरी जादा आलेला. पाहुणे गेले की आत्या त्या ओळी उसवायची आणि नव्यानं विणायची.

"तू कशाला उसवत बसतेस?" मी लहानपणी एकदा तिला विचारलं होतं.

"बाळाचं बोट अडकेल त्या भोकात," ती म्हणाली.

बस्स. काकूंबद्दल एक अक्षर नाही. मिठाची गुळणी धरून बसावं तर तिनंच. खरं सांगते, मला काकूंपेक्षा तिचाच राग जास्त यायचा. खोटं बोलणाऱ्याला निदान बोलायचे कष्ट तरी पडतात.

काकूंना ते कष्ट मुळीच जड जात नसत. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना त्या सांगायच्या, "विणताना मन शांत हवं हो. रागात विणलेली लोकर बाळाला टोचते." हे सांगता सांगता आत ओरडायच्या, "अगं, चहाचं काय झालं? मेलीस का तिकडे?" शेजारच्या सुनेनं विणलेलं टोपडं हातात घेऊन, दोन बोटांत धरून, जणू उंदीर उचललाय अशा चेहऱ्यानं त्या म्हणाल्या होत्या, "हात बसायला वेळ लागतो." ती बिचारी पुढं कधी सुयांना शिवली नाही. आणि ह्या बाईंनी स्वतःच्या एकुलत्या एका मुलाचं दुपटंही कधी बदललं नव्हतं. वासानं मळमळतं म्हणे. तो मुलगाही आत्यानंच वाढवला, पण तो 'माझ्या संस्कारांचा'.

माझी मुलगी सात महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मी लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहत होते, आणि दुपारी तिला घेऊन आत्याकडे जायचे. एकदा आत्यानं पेटीच्या तळातून वर्तमानपत्राचा कपटा काढून मला दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला विणकामाची शाळा होती. तिथं लहान मुलांचे कपडे शिकवायला बाई हवी होती. राहायला शाळेच्या आवारात खोली.

"खोलीला स्वतःचं दार असेल का गं?" आत्यानं विचारलं.

चाळिशी उलटलेली बाई, पगार विचारत नाही, रजा विचारत नाही, दार विचारते. कपट्याच्या घड्या झिजून पारदर्शक झाल्या होत्या. म्हणजे किती वेळा उघडून वाचला असेल.

"अर्ज कर," मी म्हटलं.

"घरात काय सांगू?" आणि मग माझा हात धरून म्हणाली, "तू एक विजार नेऊन दाखवशील? नुसती दाखव. नाही म्हणाले तर कुणाला कळायलाही नको."

मी नेली. तिथली कारकून बाई विजार उलटसुलट करून बघत राहिली, मग पेन उघडून म्हणाली, "कुणी विणलीय?" आता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "आमच्या काकूंच्या हातची." काकूंना कळलं तर घरात काय तमाशा होईल, ते डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि जीभ लहानपणापासूनच्या सवयीच्या वाटेनं निघून गेली. कारकून बाईनं काकूंचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. तो खोडायला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी कडेवरची मुलगी रडतेय असं म्हणून बाहेर पडले. ती रडत नव्हती.

आठ दिवसांनी शाळेच्या मुख्य बाई स्वतः दारात हजर. निरोप आधी आला होता, त्यामुळे काकू ठेवणीतली शाल पांघरून खुर्चीत विराजमान. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाळ हवं ना शोभेला! मुख्य बाई कमी बोलणाऱ्या, जाड चष्म्याच्या, बोटांना सुयांचे घट्टे पडलेल्या. अशा बाईसमोर काकूंच्या जागी मी असते तर तोंडाला कुलूप लावून बसले असते. काकूंनी उलट उघडलं.

"आठवड्यातनं दोनदा येऊ शकेन," त्या म्हणाल्या. "नमुने घरून करून पाठवीन. ही आहेच हाताशी मदतीला."

'ही' म्हणजे आत्या. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचं दार, तिची खोली, सगळं काकूंनी एका वाक्यात गिळलं होतं, आणि आत्याच्या हातातले कप साधे किणकिणलेदेखील नाहीत. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मुख्य बाईंनी पिशवीतून ती विजार काढली. "बाळाच्या अंगावर बघू या? हातात घेऊन लहान मुलांच्या कपड्याचं काही कळत नाही."

"घालते की!" म्हणत काकूंनी माझ्या मांडीवरून मुलगी उचलली.

आता आत्याच्या विजारीची गंमत अशी, की तिची एक बाजू दुसरीपेक्षा चांगली तीन बोटं उंच असते. पाय कोंबताना, नाडी बांधताना मला ती पाठ झालेली. काकूंनी जन्मात पहिल्यांदा कुठल्या पोराला विजार चढवली, आणि ती उंच बाजू पुढं घेतली. लोकर मुलीच्या छातीपर्यंत गेली. मागून पाठ उघडी, लंगोट अर्धा बाहेर. तिला जमिनीवर बसवलं तशी विजार आणखी खाली सरकली आणि पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

मुख्य बाईंनी शांतपणे विचारलं, "पुढची बाजू एवढी उंच का ठेवलीत?"

"थंडी पोटातूनच शिरते ना!" काकू एक क्षणही अडखळल्या नाहीत. "आमची जुनी पद्धत आहे ही. आणि ह्या पोरीचं अंगच जरा बेढब आहे."

नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या पोरीचं अंग बेढब! आणि मुख्य बाई मान डोलावून म्हणाल्या, "असं होय. मी कधी पाहिलं नव्हतं." पटलं म्हणायचं त्यांना! मी आत्याकडे पाहिलं. आता तरी बोल, असं डोळ्यांनी शंभरदा सांगितलं. मी स्वतः बोलू शकत होते, हे मात्र मला त्या वेळी सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

आत्यानं ट्रे खाली ठेवला. काकूंसाठी नाही, मुख्य बाईंसाठी नाही, दाराच्या खोलीसाठीही नसावं. पोरगी थंडीनं रडत होती म्हणून. ती जमिनीवर बसली, विजार काढली, फिरवली, पुन्हा चढवली आणि नाडी बांधली. उंच बाजू पाठीवर नीट बसली, लंगोट झाकला गेला, पोरगी गप्प झाली.

"किती ओळी जास्त आहेत मागे?" मुख्य बाईंनी विचारलं. काकूंना नाही, आत्याला.

"सहा," आत्या म्हणाली. "पण पूर्ण ओळी नाहीत. अर्ध्यातून परत फिरायचं, दर वेळी चार टाके आधी. मूल बसलं की मागून कंबर उघडी पडते. लंगोटाला जागा लागते." मग जरा थांबून, "रांगणाऱ्याला आठ घालते."

तिला एका दमात एवढं बोलताना त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. काकूंचं पितळ असं लख्ख उघडं पडलं होतं. मला वाटलं, आता तरी ह्या बाईला धरणी दुभंगून पोटात घे म्हणावंसं वाटेल. कसलं काय! पडले तरी नाक वर.

"मीच शिकवलंय तिला," काकू म्हणाल्या.

मुख्य बाई उठल्या. "उत्तम. मग हिलाच पाठवा. तुमचंच नाव होईल." काकूंनी शाल सावरत 'पाठवते की' म्हटलं. महिन्याभरात आत्या लोकरीची पेटी घेऊन गेली. खोलीला दार होतं. मी गेले तेव्हा तिनं ते मला तीनदा लावून-उघडून दाखवलं.

त्यानंतर घराण्यात जन्मलेल्या पोरांना काकूंनी दुकानातल्या विजारी दिल्या, 'माझ्या हातच्या' म्हणून. लेबल कापलेलं असायचं. लेबलाचा प्लास्टिकचा दोरा कापायचं त्यांना कधीच सुचलं नाही.

ह्याला सव्वीस वर्षं झाली. काका गेले. मुलगा लांब असतो आणि फोनवरून आईची काळजी घेतो. काकू न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आणि आता दिवसभर त्याच खिडकीतल्या खुर्चीत असतात. त्यांना लंगोट लागतो. बदलायला मी असते. मळमळतं, पण बदलते. आत्या शाळेतून निवृत्त झाली, शाळेनं खोली तिच्याकडेच ठेवली. ती रविवारी येते. मागच्या थंडीत तिनं टेपनं काकूंची कंबर मोजली आणि पंधरा दिवसांनी राखाडी लोकरीची मोठी विजार आणली.

परवाच्या रविवारी मी घाईघाईनं ती काकूंना चढवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"उलटी घालतेस. उंच बाजू मागे. बसल्यावर कंबर उघडी पडते." आणि मग हळूच, "वन्संनी मुद्दाम आठ ओळी घातल्यात."

आत्याचा उल्लेख त्या आजवर 'ही' किंवा 'ती' असाच करत आल्या. 'वन्सं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आत्या समोरच विणत बसली होती. मला वाटलं, चला, सत्तरी उलटल्यावर का होईना, शिकल्या एकदाच्या.

तेवढ्यात खालच्या डॉक्टरीणबाई आल्या. "अगंबाई, काय सुरेख विजार! कुणी विणली?"

"मीच," काकू म्हणाल्या. "बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पण हात बसलेला असला की होतं."

माझं डोकं सटकलं. "खोटं आहे!" मी म्हटलं. "ही आत्यानं विणलीय. ही आणि आजवरच्या सगळ्या. काकूंना एक ओळ धड येत नाही."

डॉक्टरीणबाई जमिनीकडे बघायला लागल्या. काकूंनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मला क्षणभर फार शूर वाटलं. मग लक्षात आलं, की माझ्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या बाईसमोर मी हा पराक्रम केला होता.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं विणकामातून मान वर केली नाही.

"आता कशाला?" ती म्हणाली. "शाळेत विचारलं होतं ना तुला."