एकही जंतू नसलेलं प्रसूतिगृह

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे भोचकताई. त्यांना ते ठाऊक होतं. "भोचक नसते तर जंतू कशाला शोधत बसले असते?" असं म्हणून त्या पुन्हा दिव्यासमोर डोळे बारीक करत. लोकांच्या घशातून, जखमांतून आलेले जंतू लालभडक बशीत, रक्त घातलेल्या थरावर वाढवायचे आणि कोण कुठला ते ओळखायचं, हे काम त्यांनी एकवीस वर्षं केलं होतं. लग्नाला गेल्या तरी त्या आधी हात धुवायची जागा बघून येतात, मग नवरानवरी, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती.

ग्रुप बी स्ट्रेप या जंतूबद्दल त्यांना फार कुतूहल. धडधाकट बाईच्या आतड्यात तो गुपचूप राहतो, तिला पत्ताही लागू देत नाही. बाळंतपणात मात्र तो बाळाच्या अंगावर जातो. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. पण एखाद्याच्या रक्तात शिरला, की सकाळी दूध ओढणारं बाळ संध्याकाळी निपचित पडतं. म्हणून नवव्या महिन्यात कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि जंतू सापडला तर कळा सुरू झाल्यावर सलाइनमधून औषध देतात. आधी गोळ्या देऊन उपयोग नसतो. जंतू तेवढ्यापुरता जातो आणि पुन्हा येऊन बसतो.

इतर ठिकाणांहून आलेल्या नमुन्यांत पाचसहा बायकांमागे एकीत तरी तो सापडायचा. एका छोट्या प्रसूतिगृहाच्या नमुन्यांत मात्र तीन महिन्यांत एकदाही सापडला नव्हता.

"चांगलंच आहे की," प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले.

"शेजारच्या गल्लीतल्या बायकांत आहे आणि या गल्लीतल्यांत नाही? जंतू काय दारावरची पाटी वाचून आत शिरतो?"

डॉक्टर हसून चहाला गेले. ताईंना चैन पडेना. आधी त्यांनी आपल्याच घरात चोर शोधला. ओळखीचा जंतू मुद्दाम वाढवून पाहिला, तर तो झक्क वाढला. म्हणजे बशा ठीक होत्या. आणि त्या स्वच्छ रिपोर्टांतला एक त्यांच्या भाचीचा होता. आक्काची मुलगी, पहिलटकरीण, सदतीस आठवडे भरलेले. खाली सही ताईंची.

रविवारी त्या आक्काकडे गेल्या. चहा आला.

"खरं सांग, सिस्टरने काडी कुठे कुठे लावली?"

भाचीने बिस्कीट बशीत ठेवलं. "मावशी, बाबा बसलेत समोर."

"भाऊजी, जरा गॅलरीत जाऊन या."

भाऊजी मुकाट्याने पेपर घेऊन उठले. मेहुणीशी वाद घालून काही उपयोग नाही, हे ते तीस वर्षांत शिकले होते.

"पुढेच लावली," भाची पुटपुटली. "मागे नाही."

ताईंनी कप खाली ठेवला. या जंतूचं खरं बिऱ्हाड आतड्यात. पुढे तो असला तरी अगदी थोडा, बऱ्याचदा सापडतच नाही. काडी आधी पुढे आणि मग मागे, गुदद्वाराशी, लावायचीच असते. नाहीतर तो असूनही हातून निसटतो.

सोमवारी त्या भाचीला घेऊन प्रसूतिगृहात गेल्या. भांडायच्याच तयारीने गेल्या होत्या. सिस्टर नव्हती रागीट, नव्हती आळशी. तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेली, हलक्या हाताची बाई होती.

"बाया आधीच अवघडलेल्या असतात, ताई. मागे काडी म्हटलं की कानकोंड्या होतात. मला वाटलं, एवढ्यात भागतं. कुणी कधी विचारलंच नाही."

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर नुसतं 'नमुना' एवढंच छापलं होतं. कुठला, हे ताईंनीही आजवर विचारलं नव्हतं. सिस्टरने त्यांच्यादेखत नवा नमुना घेतला. दहा सेकंदांचं काम होतं. भाची म्हणाली, "एवढंच?"

एक दिवस तो नमुना जंतू वाढवायच्या पाण्यात ठेवला, मंगळवारी बशीवर उतरवला. बुधवारी सकाळी आक्काचा फोन आला. भाचीचं पाणी गेलं होतं, सगळे प्रसूतिगृहात पोचले होते. "पण काळजी नाही ना? पहिला रिपोर्ट तर स्वच्छच होता," आक्का म्हणाली. "बघून सांगते," म्हणत ताईंनी फोन ठेवला.

बशी वेळेआधीच बाहेर काढावी लागली. उजेडासमोर तिरकी धरली तेव्हा करड्या टिपक्यांभोवती लाल रंग विरघळून गेलेली बारीक कड दिसली, त्या जंतूची ओळखीची खूण. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हा आज सापडला नसता तर बरं झालं असतं. मग लगेच वाटलं, सापडला तेच बरं.

त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, आहे. शेवटची खात्री उद्या होईल, पण थांबू नका."

साडेनऊला औषध सुरू झालं. तीनच्या सुमाराला मुलगी झाली आणि तिने सगळा मजला डोक्यावर घेतला. दोन दिवस डॉक्टरांनी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. तिला काही झालं नाही. आक्का बहिणीचा हात सोडेना.

अजून बाळंत न झालेल्या बायकांना सिस्टरने पुन्हा बोलावून घेतलं. ज्या होऊन गेल्या होत्या, त्यांना ताईंनी स्वतः फोन केले. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाळ कसं आहे, एवढंच त्या विचारत. बाळं मजेत होती. एकीने तर जावळ किती दाट आहे तेही सांगितलं.

अकरावा फोन उचलणारी बाई हळू बोलत होती. बाळ नुकतं झोपलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते दूध सोडून निपचित पडलं होतं, पंधरा दिवस मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. आता बरं होतं, फक्त एका कानाने ऐकतं की नाही, ते अजून डॉक्टर तपासत होते.

"पण जंतू माझ्यात नव्हता हो," ती म्हणाली. "रिपोर्ट जपून ठेवलाय मी. मग त्याला झाला कुठून? तुम्हाला काही माहीत आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या. "त्या रिपोर्टवर माझीच सही आहे." आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.