गाठीचा वाण

आमच्या सानगडीच्या मामेसासऱ्यांनी जन्मात एकही गोष्ट चाचणी घेतल्याशिवाय पदरात घेतली नाही, आणि यात मी स्वतःही आलो. त्यांची भाची पाहायला गेलो, तर या गृहस्थांनी मला आधी धानाच्या बांधावरून चालायला लावलं आणि मी चिखलात बसल्यावर "माणूस सरळ दिसते" असा निकाल दिला. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे आणि किती उगवतात ते पाहायचं, ही त्यांची रीत. ती त्यांनी साऱ्या जगाला लावली. लाखनीच्या हॉटेलात आधी घोटभर चहा चाखून मग कप मागवत. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा म्हणाले, "आधी एखांदा तालुका तोडून पाहाले पाह्यजे होता."

अशा माणसाच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. आमचं धाबं दणाणलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनआधी औषधानं गाठ लहान करता येते, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. म्हणून गाठीचा तुकडा काढून त्यातली जनुकं तपासू, आधीच अंदाज येईल.  मामाजींनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे गाठीचा वाण पाहून राहिले तुमी."

 डॉक्टर म्हणाले, "हो काका, वाणच."

रिपोर्ट आला: या गाठीवर ते औषध चालण्याची आशा फार कमी. मामींनी डोळ्यांना पदर लावला आणि हा माणूस चक्क हसला. "काहून रडून राहिली व? बियाणं पोचट हाये हे पेरणीआधीच समजलं. हंगाम वाचला."  डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत: औषधात महिने घालवण्यापेक्षा थेट ऑपरेशन करू.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट धरलं.  "जवाईबापू, मले भेव वाटून राहिलं. याची काही चाचणी नसते का जी?"  त्यांनी उशीखालून ओलं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "शंभर हायेत. सुकू देऊ नका."

आयुष्यभर त्या फडक्याची टर उडवणारा मी, बाकावर बसून त्यावर पाणी शिंपडत राहिलो. उघडून पाहायचा धीर झाला नाही.

यंदा पऱ्ह्यांच्या वेळी ते काठी घेऊन बांधावर बसले होते. यंदाच्या दाण्यांचं फडकं मीच सोडलं आणि कोंब मोजायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"मोजू नका जवाईबापू. उगवलं तेवढं आपलं."