पिस्तूल हाताला बसतं का

ये गं, अशी जवळ बस, कागदावरूनच का होईना. आणि तो फोन ठेव बाजूला. रागावले नाही मी, पण थोडी रागावलेच आहे. परवा त्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर काय म्हणालीस? "आमची मामी डार्मश्टाटला बंदुका वाटायची." लोक हसले म्हणे, तूही हसलीस. अगं, मी हातमोजे वाटायचे. हातमोजे, पट्टे, पावसाळी जाकिटं. पँटी आखूड करून द्यायचे. बंदुका शेजारच्या खोलीत होत्या. पण त्या बंदुकांनी मला एकदा कसं कोंडीत धरलं होतं, ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तुझे मामा गेल्यावर मी त्या सिक्युरिटी कंपनीत लागले. जर्मन शिकले ती पँटींच्या लेबलांवरून नि लोकांच्या तोंडून. बँकांची रोकड नेणाऱ्या चिलखती गाड्या होत्या त्यांच्या, आणि गाडीवरच्या प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल. ते घरी न्यायचं नाही. कामावर आलं की तळघरातून घ्यायचं, जाताना परत द्यायचं. त्याच तळघरात माझी कपड्यांची खोली. खिडकी नाही. आत जायला दोन लोखंडी दारं, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या जागेत दोन माणसं जेमतेम मावतात. इतकी वर्षं त्यातून ये-जा केली, पण दर वेळी वाटायचं, आज काही दुसरं उघडत नाही.

एका वर्षी जुनी पिस्तुलं बदलायचं ठरलं. शेफने, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबाने, एक पसंत केलं. चाळीस माणसांना एकच पिस्तूल, एकच गोळी, एकच म्यान, म्हणजे डोक्याला ताप नाही. नमुन्याची चार आली. ऑर्डर जायच्या आधी फक्त एक फॉर्म भरायचा होता. प्रत्येकाच्या नावापुढे एकच प्रश्न : पिस्तूल हाताला बसतं का? हो किंवा नाही. खाली माप घेणाऱ्याची सही. या कामाला मला बसवलं. का, तर सगळ्यांचे हातमोज्यांचे नंबर माझ्याकडे.

आता माझे वडील कासार. मी लहानपणापासून दुकानात बायकांचे हात दाबलेले. हात हातात घ्यायचा, अंगठा आत मिटवायचा, हाडं किती गोळा होतात ते बघायचं, की बांगडीचा नंबर डोळे मिटून सांगता येतो. मी इथंही तेच केलं. एकेकाचा हात दाबला, पिस्तुलाची मूठ बघितली, आणि लिहीत गेले. हो, हो, हो. चाळीसच्या चाळीस हो. शेफ म्हणाला, "सुपर!" मी अशी फुगले म्हणून सांगू!

त्या चाळिसात आपली एक पोरगी होती, सांगलीकडची. मला काकू म्हणायची. नवरा विद्यापीठात पीएचडी करत होता. त्याची स्कॉलरशिप संपली होती, प्रबंध संपला नव्हता. घर हिच्या एकटीच्या पगारावर, आणि हिची तर अजून प्रोबेत्साइट चालू, म्हणजे नोकरी पक्की व्हायची होती. ऑर्डर जायच्या आधीच, नमुन्याच्या पिस्तुलांवर नेमबाजीची परीक्षा झाली, त्यात ती नापास झाली. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा संधी. तेव्हाही नापास, तर नोकरी गेली.

एके दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. खिडकी म्हणजे कपडे द्यायची, भिंतीतली.

"काकू, एक नंबर मोठे हातमोजे द्या ना."

"का गं? तुझा साडेसहा."

"असंच. थंडी वाढलीय."

"हात बघू."

"काही नाही हो काकू, तुमचं आपलं काहीतरी!"

मी ओढूनच घेतला. अंगठ्याचं मूळ सुजून जांभळं झालेलं.

तिला तशीच हत्यारखोलीत नेली. तिथला म्हातारा मोजकं बोलायचा. त्याने सरावाचं निळं रबरी पिस्तूल तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चापावर बोट ठेव." बोट पोचेना. पोचवायला तिला मूठ फिरवून धरावी लागत होती, आणि मग पिस्तुलाची पाठ नेमकी अंगठ्याच्या सांध्यावर यायची.

"धक्का सगळा इथं बसतो," म्हातारा म्हणाला, "आणि गोळी बाजूला जाते."

"म्हणजे हिच्या हाताला बसत नाही?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

बांगडी भरताना बोटांची लांबी कोण बघतं गं? हात किती मिटतो, एवढंच बघायचं. मी बांगडीचं माप घेतलं होतं आणि पिस्तुलाच्या कागदावर सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी शेफ नेमका त्या दोन दारांच्या मधे भेटला. मागचं दार लागलं. मी तिथंच सांगून टाकलं, माझं माप चुकलं म्हणून.

"कुणाचं?"

"त्या आमच्याकडच्या मुलीचं."

"आल्झो, मग 'नाही' लिहा. पण ज्याच्यापुढे 'नाही', त्याला हत्यार देता येत नाही. हत्यार नाही, तर गाडी नाही. दुसरं काम माझ्याकडे नाही."

"आणि 'हो' तसंच ठेवलं तर?"

"तर परीक्षा आहेच."

पुढचं दार उघडलं, तो निघून गेला. मी मधेच उभी. 'हो' ठेवलं तर पोरगी परीक्षेत जाणार. 'नाही' लिहिलं तर माझ्याच हातून जाणार. आणि समजा कशीबशी पास झाली, तर उद्या रस्त्यात तिची गोळी भलत्याला लागायची. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पोरगी समोर आली की मी शिवणाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसायचे.

मग आला तो गाडीवरचा एक, कोलोनचा गडी. हा एवढा आडदांड, दारातून वाकून येणारा. बायकांच्या हातांवरून विनोद करण्यात पुढे. पण त्याचं एक गुपित माझ्याकडे होतं. पंजा केवढा, बोटं मात्र आखूड. दहा नंबरच्या हातमोज्याची टोकं रिकामी लोंबायची, ती मी दर हिवाळ्यात आतून शिवून द्यायचे. कुणाला बोलले नव्हते.

मी म्हटलं, "तुझं बोट पोचतं का रे चापाला?"

"माझं? हा पंजा बघितलास का?"

"पंजा नाही विचारला."

त्याने मागे कुणी नाही ना, बघून घेतलं. "मूठ फिरवली तर टोक पोचतं. जेमतेम. पण लिहू नकोस हं, सगळे हसतील."

"हसू देत. आठवडाभर हसतील आणि दमतील."

"मला गाडीवरून काढतील."

"एकट्याला 'नाही' मिळालं तर काढतील. आठ-दहा जण निघाले, तर शेफ काय स्वतः गाडी चालवणार?"

तो म्हणाला, "तू वाटतेस तेवढी साधी नाहीस."

मी जुना कागद रद्द केला आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी हात दाबला नाही. निळं पिस्तूल दिलं, सरळ धरायला लावलं, म्हाताऱ्याला शेजारी उभं केलं. खोटं 'नाही' एकही लिहिलं नाही, तुझी शप्पथ. सात बायकांपैकी पाच निघाल्या. पुरुष मात्र हात खिशात घालून उभे. शेवटी तो आडदांड सगळ्यांसमोर म्हणाला, "लिही. माझी बोटं आखूड आहेत." हसले, चांगले पोट धरून हसले. हसू संपल्यावर आणखी तिघे हळूच पुढे आले.

नऊ 'नाही'.

शेफ लाल होऊन खाली आला. "तुम्हीच चाळीस 'हो' लिहिले होते!"

"हो. तेव्हा मला येत नव्हतं."

नऊ माणसं उतरवली तर तीन-चार गाड्या उभ्या राहणार, हे त्यालाही दिसत होतं. शेवटी दुसरं पिस्तूल आलं. याच्या मुठीची पाठ बदलता येते, लहान, मध्यम, मोठी. होतंच ते बाजारात, कुणी मागितलं नव्हतं एवढंच. परीक्षा पुढे ढकलली, लहान मूठ लावून पोरगी पास झाली. फार नाही, काठावर.

मला सांगायला आली. "बसलं बघा काकू. आता सुटका नाही."

हसत म्हणाली, पण मला काही ते हसण्यावारी नेता आलं नाही. आठ-आठ तास त्या लोखंडी गाडीत, काच उघडत नाही, कुणाला सांगितल्याशिवाय खाली उतरता येत नाही. तिथं ती टिकावी म्हणून मी एवढी धडपडले. वाईट केलं का गं? तिच्या नवऱ्याचा प्रबंध अजून चालूच आहे.

माझं म्हणशील, तर माझं रिटायर व्हायचं वय होऊन गेलेलंच होतं, करार वर्षावर्षाचा. त्या शरद ऋतूत तो पुढे वाढवला नाही. कुणी वाकडं बोललं नाही, फुलं दिली. आता मी तिसऱ्या मजल्यावर घरीच. गुडघे खाली उतरू देत नाहीत, शेजारीण 'हालो' म्हणते आणि दार लावते. मराठी बोलायला भिंती. ती पोरगी येते सुट्टीला, पण सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून जाते, मग तिला काय उठवायचं?

म्हणून तू ये. कार्ल्सरूहेहून असं लांब काय आहे? या शनिवारीच ये, नाहीतर पुढच्या, पण लवकर ये. आणि या वेळी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आधीच काढून येऊ नकोस.