चौपालीसमोरचा ब्रेकर

त्या गावात मला लघवीला लागली नसती, तर माझी चूक मला कधी कळलीच नसती. असं लिहिलं की नवरा म्हणतो, जरा सभ्य शब्द वापर. पण रस्त्यावर काम करणाऱ्या बाईचं अर्धं आयुष्य ही सोय शोधण्यात जातं, त्यात सभ्य काय आणि असभ्य काय.

मी रस्त्यांची इंजिनिअर. मूळची पुण्याची, सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि इथलीच झाले. माझं काम सांगायला सोपं आहे: रस्ता जिथे गावाच्या मधून जातो, तिथे गाड्या हळू करायच्या. पानिपतच्या बाजूला काम आहे म्हटलं की माहेरची माणसं हटकून तोच एक जुना विनोद करतात. मी आता हसतसुद्धा नाही.

हे गाव त्याच बाजूचं, हायवेपासून थोडं आत. हायवेवरचा टोल चुकवायला ट्रकवाल्यांनी ही आतली वाट शोधून काढली होती. रस्त्याच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला गोठे, म्हणजे घरातल्या माणसाला दिवसातून चारदा रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. गावाच्या मध्यावर, अगदी रस्त्याला लागून चौपाल. कडुनिंबाखाली खाटा टाकलेल्या, मध्ये हुक्का, आणि सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत गावातली मोठी माणसं तिथे बसलेली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा याच माणसांना विचारलं, लोक रस्ता कुठून ओलांडतात. त्यांनी एकमुखाने सांगितलं, यहीं से, मैडम जी, और कहाँ से. माझ्या माणसांनी चौपालीसमोर उभं राहून दोन दिवस मोजणी केली. आकडे आले. पुरुष होते, शाळेची मुलं होती, म्हाताऱ्या होत्या. तरण्या बायका जवळजवळ नव्हत्याच. मी मनाशी म्हटलं, हरियाणा आहे, इथल्या सुना बाहेर पडत नसतील. आणि चौपालीसमोर रुंद स्पीडब्रेकर, वर पांढरे पट्टे, अलीकडे-पलीकडे पिवळ्या पाट्या असं सगळं झकास करून दिलं. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी पाहणीला गेले. ट्रक ब्रेकरपाशी येऊन मुकाट्याने हळू होत होते. मी खूश. तेवढ्यात ती निकड लागली. चौपालीवर एक निवृत्त फौजी बसायचे, सत्तरीचे, ताठ, पांढरी मिशी. गावात, पंचायतीतसुद्धा, त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. एका पोरीला हाक मारून मला आपल्या घरी पाठवलं.

घरात त्यांची धाकटी सून होती. पंचविशीची, बारीक चणीची, बी.ए. झालेली. घरात कुणी पुरुष नव्हता, त्यामुळे डोक्यावरची ओढणी खांद्यावर आणि तोंडाचा पट्टा सुरू. माझी नोकरी कशी मिळाली, पगार नवऱ्याला द्यावा लागतो का, दिल्लीत पाणी किती वेळ येतं, सगळं विचारून झालं. मला ती फार आवडली. मग म्हणाली, चला, मी गोठ्याकडेच निघाले आहे, तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडते. डोक्यावर दारच्या म्हशीच्या शेणाची पाटी घेतली आणि उजवीकडे चौपालीच्या गल्लीत न वळता डावीकडे वळली.

मी म्हटलं, रस्ता तर इकडून जवळ आहे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही भलतंच बोलले.

“वहाँ से कैसे जाएँ, मैडम? वहाँ तो सारे बैठे रहते हैं।”

सारे म्हणजे सासरे, चुलतसासरे, मोठे दीर. त्यांच्यासमोरून सुनेने जायचं नाही. जायचंच झालं तर घुंघट हनुवटीच्या खाली ओढून, मान घालून. डोक्यावर पाटी असताना ते कोण करणार? म्हणून गावातली एकूण एक सून मागच्या बोळातून जाते. बोळ गावाबाहेर तळ्यापाशी निघतो, आणि तिथे रस्त्याला वळण आहे.

आम्ही वळणावर पोचलो तेव्हा तिथे पाच-सहा बायका उभ्या होत्या. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या हातात दुधाची बादली. इथे कुणी बघणारं नाही म्हणून सगळ्यांची तोंडं उघडी. त्या कान देऊन उभ्या होत्या. मी विचारलं, काय ऐकताय? तेवढ्यात माझ्या ब्रेकरवरून उतरलेल्या ट्रकचा आवाज आला. ब्रेकरवर वाया गेलेला वेळ भरून काढायला ड्रायव्हरने असा काही वेग घेतला होता, की वळणावर येईस्तोवर तो सुसाट सुटला होता. झाडांमुळे शेवटपर्यंत दिसला नाही. गेला तेव्हा माझी साडी फडफडली.

“पहले गाँव में से हॉर्न बजाते हुए आते थे,” ती शांतपणे म्हणाली. “अब वहाँ धीरे होते हैं, यहाँ भागते हैं। परसों एक भैंस बच गई, बस।”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे आपण हसत हसत म्हणतो. त्या दिवशी मला हसू येईना. या बायकांच्या जिवावर बेतेल असं काम मी माझ्या सहीने करून ठेवलं होतं, आणि वर त्याचे फोटोही काढले होते.

रात्री घरी जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, अगं, पण तुला कसं माहीत असणार? दिल्लीतच वाढलेली माझी लेक म्हणाली, “मम्मा, तू त्या लेडीजना विचारलंच नाहीस, यार.” मी तिच्यावर उगाच खेकसले. खरं बोललेलं झोंबतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, चूक माझी आहे, वळणावर दुसरा ब्रेकर द्या. साहेब वाईट नव्हते, पण कागदाबाहेर पाऊल टाकणारेही नव्हते. म्हणाले, एवढ्याशा अंतरात दुसरा ब्रेकर, तोही वळणावर, वरच्यांना मी काय सांगू? लोक तिथून ओलांडतात असं पंचायतीचं पत्र आण, मग बघू. आणि हसून म्हणाले, तुझ्याच मोजणीत तर तिथे कुणीच नाही.

पत्र टाइप करून सहीसाठी चौपालीवर गेले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, हुक्का एक फेरी फिरला, आणि फौजींनी निकाल दिला. तळ्यावरून कोणी जात नाही. तिथे काय आहे जायला? मी म्हटलं, तुमच्या सुना जातात. ते म्हणाले, मी जन्मापासून या गावात आहे, मी कधी पाहिलं नाही. ते खोटं बोलत नव्हते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तर बायका तिथून जात होत्या. मग मी आणखी एक वेडेपणा केला. म्हटलं, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास तुम्ही सगळे इथून उठून आत बसाल का, म्हणजे बायका इथूनच ओलांडतील. मग कुणीतरी खाकरलं. पाहुणी बाई म्हणून कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

पुढचे आठ दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. भाजी करपायची. मोबाइल वाजला की वाटायचं, तिकडचाच. सकाळी आठ वाजले की घड्याळाकडे नजर जायची, कारण आठ वाजता ती दारच्या म्हशीसाठी चाऱ्याचा भारा घेऊन गोठ्याकडून परत निघते, हे तिनेच मला सांगितलं होतं. एवढ्या गावात मला चेहऱ्याने ओळखीची सून ती एकच, त्यामुळे जे काय वाईटसाईट मनात यायचं ते तिच्याच चेहऱ्याने यायचं. शेवटी मला राग आला. म्हातारा म्हणतो मी पाहिलं नाही, तर दाखवू त्याला. फोन करून म्हटलं, फौजी साहब, उद्या सकाळी आठला माझ्याबरोबर फक्त अर्धा तास वळणावर उभे राहा. एकही बाई आली नाही, तर मी परत तोंड दाखवणार नाही. त्यांना पैज आवडली असावी. हो म्हणाले.

पहाटे पाचला सरकारी जीप निघाली. माझ्या जीपवाल्याला मी वाटेत तीनदा म्हटलं, वेळेत पोच बाबा. आठच्या आत आम्ही वळणावर, बोळाच्या तोंडापाशी, घरांच्या बाजूला उभे होतो: फौजी, त्यांच्याबरोबर चौपालीवरचे दोघे, मी आणि जीपवाला. फौजींनी काठी दोन्ही हातांखाली धरली होती. मी मनातून फुशारले होते. आता बघाच म्हटलं.

बोळातून पहिल्या दोघी आल्या, आम्हाला पाहिलं आणि आल्या पावली मागे फिरल्या. मागून आणखी एक आली, तीही वळली. फौजी म्हणाले, “देखा? कोई नहीं जाता।” मला काही कळेना. आज नेमकं काय झालं यांना?

कळलं तेव्हा उशीर झाला होता. पलीकडे गोठ्यांच्या पायवाटेने ती येत होती. डोक्यावर ओल्या चाऱ्याचा भला थोरला भारा, तोंड उघडं, चाल झपझप. रस्त्याच्या कडेला आली आणि समोर बघितलं, तर सासरे. एक हात भाऱ्याला होता. दुसऱ्या हाताने तिने ओढणी धरली आणि एका झटक्यात छातीपर्यंत ओढून घेतली. मागे फिरायला डोक्यावरचं ओझं फिरू देत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

ट्रकचा आवाज मला आधी ऐकू आला. तिलाही आला असणार, पण कुठून, किती लांब, हे त्या कापडाआडून तिला काय दिसणार? मी जिवाच्या आकांताने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत ओरडले एवढं आठवतं. तिला मराठी येत नव्हतं. पण ती थबकली. ट्रकने करकचून ब्रेक मारले, मागचा भाग खडीवर घसरला, भारा उडाला आणि चाकाखाली गेला. ती मागे कडेला पडली.

ट्रक पन्नास पावलांवर थांबला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाहिलं आणि निघून गेला. मी पलीकडे धावले. कोपर सोलवटून रक्त येत होतं, मनगट सुजायला लागलं होतं. पण ती उठून बसली. घुंघट तसाच. पडतानासुद्धा तिने तो सोडला नव्हता. मी तिला धरलं. तिथे बघणारं कुणी नव्हतं म्हणून ती बघू शकत होती. बघणारे मी नेऊन उभे केले होते. मीच.

पलीकडून फौजींचा आवाज आला. भेदरलेलं माणूस रागावतं तसे ते रागावले होते. सुनेशी ते थेट बोलत नसत, म्हणून मला उद्देशून म्हणाले, “पूछो इससे, दिखता नहीं था क्या?”

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आमच्यात एका अरुंद रस्त्याचं अंतर होतं. तिनेही उत्तर त्यांना दिलं नाही. सासऱ्यांशी बोलायचं नाही, हे त्या क्षणीही तिने मोडलं नाही. घुंघटाच्या आतून, पण त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती मला म्हणाली,

“मैडम, इनसे कह दो, नहीं दिखता था। ये खड़े हों तो हमें कुछ नहीं दिखता।”

त्यांनी ऐकलं होतं. दोघा म्हाताऱ्यांनीही ऐकलं होतं. तरी मी उभी राहिले आणि तेच वाक्य शब्दशः त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे तर नाहीच. रस्त्यावर चाऱ्याचा चेंदा पडला होता, त्याच्याकडे बघत राहिले. दुरून ब्रेकर ओलांडून निघालेल्या आणखी एका गाडीचा आवाज यायला लागला.

मग ते फिरले. काठी टेकवून सावकाश फिरले आणि रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून फिरले. माझा जीपवालाही फिरला.

तिने बऱ्या हाताने घुंघट वर केला. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने उजवीकडे बघितलं. ट्रक आला, तिने जाऊ दिला. पुन्हा उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे. मग माझा दंड धरून तिने रस्ता ओलांडला, आणि त्या चार पाठींच्या मागून आम्ही बोळात शिरलो. बोळाच्या आत गेल्यावर ती थांबली.

“हो गया, मैडम,” ती म्हणाली. “कह दो, मुड़ जाएँ।”

मी मागे येऊन सांगितलं. दोघे म्हातारे वळले. फौजी वळले नाहीत. भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले आणि जरा वेळाने त्यांनी एक हात मागे केला.

“काग़ज़ लाई हो तो दो,” ते म्हणाले.