ऐंशी मीटरवरच्या सुमनकाकू

सुमनकाकू स्वतःच्या दारात बोलल्या तरी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. रावेतच्या सोसायटीत मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवली आणि नाव-गाव न विचारता म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीसमोरून माझी एक तार गच्चीवर जाते. हौशी रेडिओची अँटेना आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका, एवढंच."

जन्म चिंचवडच्या गावठाणातला. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी केली, मशिनांच्या गोंगाटात आयुष्यभर ओरडून बोलल्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी रेडिओचा सेट असायचा. रोज उजाडताना त्या ऐंशी मीटरच्या बँडवर यायच्या आणि धाराशिवकडच्या एका निवृत्त मास्तरांशी, बापूंशी, गप्पा मारायच्या. पाऊस, गुडघे, तुरीची डाळ. कितीतरी वर्षांची ओळख, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ऊन चढलं की तो बँड मंदावतो, म्हणून गप्पा लवकर आटपायच्या. त्यांच्या नादाने मीही मोर्स शिकून, परीक्षा देऊन परवाना काढला.

मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि सोसायटीने काकूंना तार निम्मी करायला लावली. ऐंशी मीटरला लांब तार लागते. आखूड तारेवर सेट रुसला, पॉवरच देईना. मधे अँटेना ट्यूनर बसवणं भाग होतं. काकूंनी ओळखीतून दोन ट्यूनर मागवले. एक छोटा, ऑटोमॅटिक, बटण दाबलं की टकटक करून आपलं आपण जुळवणारा. दुसरा जुना, जाडजूड कॉइलचा, हाताने फिरवायच्या मोठ्या बटणांचा.

"ऑटोमॅटिकच घ्या की," मी म्हणालो. "सेटचा काटा बघा, अगदी बरोबर दाखवतोय."

"काटा काय, दाखवेल. एवढ्या आखूड तारेला कॉइल मोठं लागतं. याचं बारकं. हात लाव बघू." डबा चांगलाच तापला होता. "सिग्नल बापूंकडे जायच्या ऐवजी इथंच पोळी भाजतोय. ट्यूनर अँटेना सुधारत नसतो रे, तो फक्त सेटची समजूत काढतो. समजूत काढणाऱ्यानंच सगळं खाल्लं तर काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आळीपाळीने दोन्ही लावून बापूंना विचारलं.

"दोन्ही ऐकू यायलेत की ताई," बापू म्हणाले. "पण दुसऱ्यात तुम्ही जवळ आल्यासारखं वाटायलंय."

"मग दुसराच ठेवते." काकू हसल्या, खोकल्या. आवाज बरेच दिवस घोगरा होता. मी सर्दी समजत होतो. त्यांनी पुन्हा माइक दाबला. "बापू, एवढी पारख का चाललीय ते सांगते. माझ्या घशात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार. त्यानंतर माझा आवाज येणार नाही. मोर्स येईल. ते टुकटुक तुमच्यापर्यंत नीट पोचलं पाहिजे."

त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"मला कुठं येतंय हो मोर्स," बापू म्हणाले. "परीक्षेपुरतं पाठ केलं होतं."

"मग परत करा. मास्तर ना तुम्ही?"

ऑपरेशन झालं. गळ्याला रुमाल बांधून काकू टेबलापाशी बसल्या, दोन्ही हातांनी ट्यूनरची बटणं फिरवून तार जुळेपर्यंत सेटमधली खरखर टिपेला नेली आणि मोर्सच्या किल्लीवर बोट ठेवलं. बापूंचं उत्तर आलं, तेही मोर्समध्येच. अडखळत, चुकत, एकेक अक्षर. रोमन लिपीतलं मराठी: ताई, हळू. काकूंनी वेग निम्म्यावर आणला. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या, पण हसण्याचा आवाज नव्हता.

वर्षभर असंच चाललं. बापूंचा हात सुधारला, काकूंचा बिघडत गेला. दुखणं उलटलं होतं. पुढे बटणं मी फिरवायचो आणि त्या बोटाच्या खुणेनं सांगायच्या, अजून थोडं, आता बस. किल्ली मात्र त्यांनी मला कधी दिली नाही. शेवटच्या सकाळी त्यांनी एवढंच पाठवलं: पाऊस आहे का तिकडे? त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर त्यांच्या भाच्याकडून चावी घेऊन मी ते घर उघडलं. सेट लावला. बापू हाका मारतच होते, मोर्समध्ये, काकूंच्या नावाने, थांबून थांबून. मी माइक घेतला, माझा परवाना क्रमांक सांगितला आणि म्हणालो, "बापू, मी रावेतहून बोलतोय, काकूंचा शेजारी. काकू गेल्या."

मग वर्षभरानं पहिल्यांदा त्यांचा आवाज आला. म्हातारा, बारीक, न वापरल्यासारखा.

"त्रास झाला का हो त्यांना?"

"शेवटी नाही."

"बरं."

मला राहवलं नाही. "बापू, काकूंना ऐकू तर येत होतं. तुम्ही नुसतं बोलला असता तरी चाललं असतं. एवढ्या कष्टानं मोर्स कशाला वाजवत बसलात?"

"त्यांना बोलता येईना," बापू म्हणाले, "अन् मी त्यांच्यापुढं बोलत बसू?"