ओल्या कागदावरचा दोहा

लग्नानंतर मी दोह्याला निघाले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच गोष्ट मागितली. "तू राहशील तो मुलूख मला रंगवून दाखव गो. डोळे आहेत तोवर." रत्नागिरीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेल्या या माणसाला काचबिंदू झाला होता, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. आमचा फ्लॅट विमानतळाजवळ होता आणि गच्चीवरून समुद्राची एक पट्टी दिसायची. मी मोठ्या हौसेने कागद ताणून बसले आणि पहिल्याच दिवशी हात टेकले. अण्णांची पद्धत अशी की कागद चांगला ओला करायचा, त्यावर आकाश सोडायचं आणि मग रंगाला त्याचं काम करू द्यायचं. इथे मी ब्रश धुऊन वर बघेपर्यंत कागद कडकडीत! आकाशाला नुसत्या कडाच कडा. गच्चीवर वाळूचा वारा, खोलीत एसी, दोन्हीकडे तीच गत. मी चिडून कागद फाडत सुटले.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला. त्याला बोलायला काय जात होतं? शुक्रवारी भाड्याच्या कॅसेटवर पाहिलेल्या कुठल्याशा सिनेमातला हीरो बघून त्याने पोट कमी करायचं मनावर घेतलं होतं. रोज संध्याकाळी तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांभोवती धावायचा. हीरो धावता धावता गायचा, आमचा नुसता धापा टाकायचा.

घरून पत्र आलं की मी आधी अण्णांच्या डोळ्यांची बातमी शोधायची. हल्ली त्यांना वर्तमानपत्रातले मथळेच तेवढे दिसतात, असं आईने कळवलं. चित्र होईल, पण बघणारे डोळे उरतील का?

मग ऑगस्ट सरता सरता ते दिवस आले, ज्यांना इथे जो तो शिव्या घालतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ, कठडे ओले, अंगाला घामाच्या धारा. एका संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर सकाळचा टॉवेल अजून तसाच ओला. मी तो हातात धरून क्षणभर उभी राहिले आणि कपडे तिथेच टाकून कागद आणायला खाली पळाले.

वर आले तर समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघच नाहीशी झाली होती. एक लाकडी होडी उभी होती, पाण्यावर की हवेत, कळत नव्हतं. मी कागद भिजवला आणि गुलाबी रंग सोडला. तो थांबलाच नाही. हळूहळू राखाडीत शिरला, तिथून कुठल्याशा निळ्यात गेला, आणि मी त्याच्या मागे मागे चालले होते, झोपेत चालावं तशी. हनुवटीवरून घामाचा थेंब पडला, तोही आकाशात विरून गेला.

"खलास?" धावणं थांबवून नवऱ्याने विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं. इतकी सुखी मी त्या देशात आल्यापासून झाले नव्हते.

दिवाळीत चित्र घेऊन रत्नागिरीला गेले. अण्णा ते खिडकीशी घेऊन गेले आणि अगदी डोळ्यांजवळ धरून तुकड्यातुकड्याने बघू लागले.

"उंट कुठाय गो?"

"नाही काढला."

"बरं केलंस."

होडी मात्र त्यांना दिसली नाही. त्यांचं बोट धरून होडीवर ठेवलं, तरी दिसली नाही. मला रडू आवरेना. ते आपले आकाशच बघत होते.

"रंग शेवटपर्यंत ओला राहिलाय," ते म्हणाले. "हवा दमट असल्याशिवाय असा पसरायचा नाही." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली. "अगो, ऐकलंस काय? पोर कोरड्या मुलखात नाही पडलेली. तिकडेही आपल्यासारखीच हवा आहे. उगाच जीव जाळत होतो आपण!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि खरं का, म्हणून माझ्याकडे बघू लागली.

"हो," मी म्हटलं. "अगदी आपल्यासारखी."