न काढलेली भिंत

अण्णांनी सहा वर्षांत एका देवळाची एकूण एक भिंत कागदावर काढली. फक्त एक काढली नाही. त्या एका भिंतीवरून मी त्यांच्याशी जितका भांडलो, तितका पुढे बायकोशीही भांडलो नाही.

देऊळ इजिप्तमधलं. नाईलच्या वळणावर कोम ओम्बो नावाचं लहानसं गाव आहे, तिथलं. देव दोन, एक मगरीच्या तोंडाचा आणि एक ससाण्याच्या, म्हणून दारंही दोन आणि गाभारेही दोन. पुढचा एक कोपरा मात्र नदीने कधीच गिळलेला. वाईचे अण्णा १९६० च्या सुमारास जर्मनीत या देवळाच्या नकाशांवर डॉक्टरेट करत होते, आणि मी यंत्रांवर. शहराच्या कडेच्या त्सुफेनहाउझेन भागात एकाच घरात आमच्या दोघांच्या खोल्या होत्या. अण्णांनी ते देऊळ पाहिलेलं नव्हतं. इतर लोक तिथून मापांच्या वह्या आणि फोटो आणत, आणि अण्णा मनगटाखाली घडीचा रुमाल ठेवून शाईने रेघा ओढत. केसभर चूक झाली की ब्लेडने खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

‘बहुतेक’ हा शब्द त्यांना चालत नसे. “ट्राम बहुतेक गेली,” असं मी म्हणालो की ते म्हणत, “बघितलीस?” मग आम्ही बर्फात उभे राहून ती गेल्याची खात्री करून घेत असू. आमटीत मीठ घातलं असावं म्हटलं तर पळी पुढे येई. अशा माणसाबरोबर राहणं म्हणजे रोज तोंडी परीक्षा देणं होतं.

गेलेल्या कोपऱ्यापाशी त्यांचा नकाशा कोरा होता. प्रोफेसर सांगून दमले. “आल्झो, म्हणजे असं करा, तुटक रेघ द्या. तुटक म्हणजे अंदाज, हे सगळ्यांना कळतं.” अण्णा मला म्हणाले, “आमच्या घाटाच्या पायऱ्या कृष्णेने नेल्या. किती नेल्या ते वाईत विचार, दहा जण दहा आकडे सांगतील, आणि सगळे छातीठोकपणे. मी अकरावा होणार नाही.”

वाईहून वहिनींची पत्रं येत. “अहो, अजून किती भिंती राहिल्या?” अण्णा निघाले तेव्हा तीन वर्षांची असलेली मुलगी आता चौथीत होती. प्रोफेसर त्या सेमेस्टरनंतर निवृत्त होणार होते आणि पूर्ण नकाशाशिवाय प्रबंध घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाला अण्णांत काडीचा रस नव्हता. मी हात जोडले, आवाज चढवला, दोन दिवस अबोला धरला. त्यांनी कोऱ्या कोपऱ्यासकट प्रबंध बांधायला काढला, शपथपत्रावर सही केली: सर्व काम माझ्या एकट्याचं आहे. आणि गठ्ठा प्रोफेसरांकडे पोचवायला माझ्याकडे दिला.

मी वाटेत संस्थेच्या ड्रॉइंगच्या खोलीत शिरलो आणि ती तुटक रेघ ओढली. पंधरा मिनिटांचं काम. प्रोफेसरांनी नकाशा पाहिला, “गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणाले आणि तोंडी परीक्षेचा दिवस ठरवला. अण्णांना वाटलं, आपलं म्हणणं अखेर पटलं. ते खूश झाले होते, आणि मी त्यांना रेघेचं सांगितलं नाही.

परीक्षेच्या वेळी मी मागे बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशावर बोट ठेवलं. “या भिंतीला आधार काय?” अण्णा वाकले, चष्मा काढून बघितलं. मग जर्मनमध्ये म्हणाले, “आधार नाही. ही रेघ माझी नाही.” कुणाची, ते तीनदा विचारलं गेलं. अण्णांनी एकदाही मान मागे वळवली नाही. शपथपत्र खोटं ठरलं आणि प्रबंध परत आला.

मला त्यांचा तेव्हाही राग आला, आजही येतो. अंदाजच आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते वाईला परत निघाले, तेव्हा स्टेशनवर मी म्हणालो, “अण्णा, चार शिव्या तरी द्या.” ते खिडकीतून म्हणाले, “रेघ सुबक होती. हात स्थिर आहे तुझा.” गाडी गेली. वाईला ते शेवटपर्यंत शाळेत चित्रकला शिकवत राहिले.

पुढच्या वर्षी माझा प्रबंध तयार झाला. त्यातल्या यंत्रांच्या सगळ्या आकृत्या अण्णांनी जाण्याआधीच्या हिवाळ्यात मला शाईने काढून दिल्या होत्या. ऑफिसातल्या बाईंनी शपथपत्र पुढे केलं: सर्व काम माझ्या एकट्याचं आहे. मी सही केली. लोक मला डॉक्टर म्हणतात.